शुगरची 'कॉम्बिनेशन' गोळी : गोळी एक, औषधं दोन-तीन, उपवासाला आणि रानातल्या कामाला सांभाळून

सकाळी चहा घ्यायचा, शुगरची गोळी तोंडात टाकायची आणि भाकरी नंतर खाऊ म्हणून रानात जायचं. अकरा वाजेपर्यंत हातपाय थरथरायला लागतात, दरदरून घाम फुटतो, बोलणं अडखळतं. बांधावरची माणसं म्हणतात, ऊन लागलं. कोणी म्हणतं, पित्त झालं. कोणाला तर माणूस प्यालेला वाटतो. खरं कारण पुष्कळदा वेगळंच असतं. गोळी पोटात गेलेली असते आणि अन्न गेलेलं नसतं, त्यामुळे साखर एकदम खाली आलेली असते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी आहेत. हा आजार आता शहरापुरता राहिलेला नाही. गावातही घरटी नाही तरी गल्लीत दोन-चार जणांना शुगरची गोळी चालू असते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची गोळी 'कॉम्बिनेशन'ची, म्हणजे एका गोळीत दोन किंवा तीन औषधं असलेली असते. ती नीट घेतली तर फायद्याची आहे. पण आत काय आहे हे माहीत नसेल तर घोटाळा होतो.

एका गोळीत दोन औषधं कशाला?

टाइप टू मधुमेहात बिघाड एकाच ठिकाणी नसतो. लिव्हर गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात सोडतं, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि पुढे पुढे स्वादुपिंडही थकतं. त्यामुळे एक औषध पुरेनासं झालं की डॉक्टर वेगळ्या वाटेनं काम करणारं दुसरं जोडतात.

मेटफॉर्मिन हे बहुतेकांचं पहिलं औषध. ते लिव्हरमधून येणारी साखर कमी करतं. एकटं घेतलं तर साखर धोकादायक खाली जाण्याची भीती फार कमी. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. माणूस जेवला की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून साखर घसरण्याचा खरा धोका या औषधाचा. व्होग्लिबोज आतड्यात पिष्ट आणि साखर पचण्याचा वेग कमी करतं. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही औषधं जेवणानंतर इन्सुलिन वाढवतात. डापाग्लिफ्लोझिन जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतं.

ग्रामीण भागात सगळ्यात जास्त दिसणारी जोडी म्हणजे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. पाकिटावर नावापुढे 'एम-१', 'एम-२' असं लिहिलेलं असतं. त्यातला आकडा बहुधा ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम सांगतो. म्हणून दुकानात 'एम-१' संपली तर 'एम-२' चालेल का, असं विचारून घेऊन येऊ नये. तो डोस दुप्पट होतो.

खासगीची एक, सरकारीची दोन

सगळ्यात मोठी चूक इथं होते. तालुक्याच्या डॉक्टरांनी कॉम्बिनेशन गोळी दिलेली असते. पुढे गावातल्या तपासणीत शुगर निघते आणि आरोग्य केंद्रातून मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा सुट्या गोळ्या मिळतात. रंग वेगळा, पाकीट वेगळं, म्हणून रुग्ण दोन्ही चालू ठेवतो. प्रत्यक्षात एकच औषध दोनदा पोटात जातं.

उपाय सोपा आहे. कोणत्याही दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत. पाकिटावर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते नातवाकडून वाचून घ्यावं. स्वस्त जेनेरिक गोळी घ्यायला हरकत नाही, पण मूळ नाव आणि मिलिग्रॅम तेच असावेत आणि जुनी गोळी बंद करावी.

गोळी कधी, कशी?

ग्लिमेपिराइड असलेली गोळी दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणाच्या थोडं आधी किंवा जेवणासोबत घ्यायची असते. चहा-बिस्कीट म्हणजे जेवण नव्हे. भाकरी ताटात आल्यावरच गोळी हातात घ्यावी, हा नियम पाळायला सोपा. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत.

नावापुढे 'एसआर' किंवा 'ईआर' लिहिलेलं असेल तर गोळी मोडू, चावू किंवा कुटू नये. ती सावकाश विरघळावी अशी बनवलेली असते. मोडली तर सगळं औषध एकदम सुटतं. अशा काही गोळ्यांचं टरफल शौचातून बाहेर पडतं. औषध आत उतरलेलं असतं, घाबरायचं कारण नाही.

एकादशी, नवरात्र, रोजे

उपवासाला दोन्हीकडून अडचण. दिवसभर काहीच न खाल्लं तर साखर पडते. साबुदाणा, भगर, बटाटा भरपूर खाल्लं तर चढते. उपवास करायचाच असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ आणि डोस ठरवून घ्यावा. डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर निर्जळी उपवास टाळावा. नांगरट, ऊसतोड, फवारणी अशा अंगमेहनतीच्या दिवशीही साखर लवकर खाली येते, म्हणून सोबत शिदोरी असावीच.

साखर पडली तर

घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड, डोळ्यापुढे अंधारी ही लक्षणं. ग्लुकोमीटर असेल तर बघावं. ७० च्या खाली असेल तर, आणि मीटर नसेल तर वाट न बघता, तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यावी. त्यानंतर भाकरी किंवा भात खाऊ घालावा.

ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज आहे त्यांनी हे खास लक्षात ठेवावं. त्यांना घरची साखर किंवा गूळ लवकर लागू पडत नाही, कारण ती साखर फोडण्याचं कामच औषधानं मंद केलेलं असतं. त्यांना ग्लुकोज पावडरच हवी. ती छोटी पुडी खिशात ठेवावी.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर झोपवून १०८ ला फोन करावा. ग्लिमेपिराइडचा असर बराच वेळ टिकतो, त्यामुळे शुद्धीवर आला तरी साखर पुन्हा पडू शकते. दवाखान्यात न्यावंच.

आजारपण आणि तपासण्या

जुलाब-उलट्या होत असतील, जेवण जात नसेल तर गोळ्या तशाच चालू ठेवू नयेत, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. डापाग्लिफ्लोझिनवाल्यांना मळमळ, पोटदुखी, धाप असं झालं तर मीटरवर साखर ठीक दिसली तरी दवाखाना गाठावा. त्याच औषधानं लघवीच्या जागी खाज किंवा बुरशी होऊ शकते, ते लाजून लपवू नये. दारू या गोळ्यांसोबत दुहेरी घातक. साखरही पडते आणि मेटफॉर्मिनमुळे रक्तात आम्ल वाढण्याचा धोकाही असतो.

दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीए१सी आणि वर्षातून निदान एकदा किडनीची क्रिएटिनिन तपासणी करावी. किडनी कमजोर झाली की मेटफॉर्मिनचा डोस कमी करावा लागतो किंवा ते बंद करावं लागतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि पायाला मुंग्या येत असतील तर बी-१२ तपासायला सांगावं.

शुगर नॉर्मल आली म्हणून गोळी मनानं सोडू नये. ती गोळीमुळेच नॉर्मल आलेली असते. आणि शेजाऱ्याला लागू पडली म्हणून त्याची गोळीही घेऊ नये. त्याची किडनी, त्याचं जेवण, त्याचं काम वेगळं असतं.