उल्लेखांची संख्या आणि विद्वत्तेचें मोल

हल्लीं विद्वानाची योग्यता त्याच्या लेखांच्या व त्या लेखांच्या उल्लेखांच्या संख्येवरून ठरविली जाते. इ. स. २००५ मध्यें हिर्श या पदार्थविज्ञानवेत्त्यानें सुचविलेल्या मापाप्रमाणें, ज्याच्या दहा लेखांचा प्रत्येकीं निदान दहा वेळां उल्लेख झाला, त्यास दहाचा अंक लाभतो.

गोव्यांत जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांस अशा एकाच मापानें कसें मोजावें? १९४४ सालीं त्यांनीं दिलेलें जनुकांमधील अंतराचें सूत्र आनुवंशशास्त्रांत अद्यापि त्यांच्याच नांवानें चालतें. उलट १९४३ मध्यें त्यांनीं मांडलेला गणितांतील एक सिद्धांत पुष्कळदां मागाहून आलेल्या कार्हुनेन व लोएव्ह या दोघांच्याच नांवानें ओळखला जातो. १९४८ मध्यें शेंकडों हस्तलिखितें ताडून त्यांनीं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति प्रसिद्ध केली. पण ज्या शास्त्राचे अभ्यासकच मोजके, तेथें उल्लेख कोठून विपुल होणार?

नेमणुका व बढत्या केवळ अशा अंकांवर अवलंबूं लागल्या, तर असलें दीर्घ श्रमाचें काम हातीं घेण्यास कोण धजेल? म्हणून घरांतील तरुण संशोधकास वडीलधाऱ्यांनीं ‘किती लेख झाले?’ असें न विचारतां, ‘नवें काय शोधलेंस?’ असें विचारावें.