उग्र वासाचे उपाय, पण जपून!

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की कुठल्या ना कुठल्या कपाटातून डांबराच्या गोळ्यांचा वास येतोच. आमच्या शेजारच्या काकूंनी नातवासाठी जुनी दुपटी अशाच ट्रंकेतून काढली आणि न धुताच बाळाला गुंडाळलं. दोन दिवसांत बाळाचे डोळे पिवळे दिसू लागले. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कपड्यांत गोळ्या होत्या का?" काकू बिचाऱ्या गप्पच झाल्या. वेळेवर उपचार मिळाले, बाळ बरं झालं. पण काकूंच्या मनातली रुखरुख काही गेली नाही.

मैत्रिणींनो, यात काकूंचं काय चुकलं? आपण सगळ्याच असं करतो. या गोळ्यांत बहुधा नॅप्थॅलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच 'जी-सिक्स-पीडी' नावाचं एन्झाइम कमी असतं. अशा बाळांच्या तांबड्या पेशी नॅप्थॅलीनच्या वाफेनेही फुटतात आणि कावीळ होते. म्हणून बाळाच्या कपड्यांत या गोळ्या नकोतच. ठेवलेले कपडे आधी धुऊन, उन्हात वाळवून मगच वापरा.

मग कसर कशी रोखायची? साड्या स्वच्छ आणि पूर्ण कोरड्या करून ठेवा. वेखंडाचे तुकडे, लवंगा किंवा सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवा. वास उडाला की पुरचुंडी बदला.

गव्हाला आधी कडक ऊन द्या, गार झाल्यावर डब्यात भरा, मग थरांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. दमटपणा राहिला तर कितीही पाला घातला तरी सोंडे होणारच. कडधान्याला एरंडेल चोळायची आजीची पद्धतही चांगली. मात्र ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात अजिबात आणू नका. त्यातून निघणारा वायू जीव घेतो.

मुंग्या एकमेकींनी सोडलेल्या वासाच्या मागावर चालतात. तो माग साबणाच्या पाण्याने किंवा व्हिनेगरने पुसून काढा, म्हणजे रांग मोडते. साखरेच्या डब्यात दोन-चार लवंगा टाकायला हरकत नाही.

झुरळांचं मात्र तसं नाही. उग्र वासाने ती फार तर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातात, मरत नाहीत. रात्री ओटा कोरडा करा, खरकटं झाका, गळका नळ दुरुस्त करून घ्या. पाणी आणि खाणं मिळालं नाही की त्यांचं बस्तान उठतं.

आणि हो, देवघरातला कापूर! लहान मुलाने थोडासा जरी गिळला तरी झटके येऊ शकतात. डबी उंचावरच ठेवा. चुकून गिळलाच, तर घरी उलटी करवत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

काकू आता ट्रंकेत वेखंड ठेवतात. आणि बाळंतिणीकडे जाणाऱ्या प्रत्येकीला आठवणीने विचारतात, "दुपटी धुतलीस ना गं?"