उघडलेले दार

27 मे 1944. पॅरिस अजून जर्मनांच्या ताब्यात होते. व्ह्यू-कोलंबिए नाट्यगृहात ज्याँ-पॉल सार्त्र यांच्या ‘ह्वी क्लो’चा पहिला प्रयोग झाला. पुढे इंग्रजीतून ‘नो एक्झिट’ या नावाने जगभर गेलेले ते हेच नाटक. दहा दिवसांनी दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, ऑगस्टअखेर शहर मुक्त झाले.

नाटक लिहिण्यामागचे कारण अगदी व्यावहारिक होते. ओळखीच्या तीन नटनट्यांसाठी लिहायचे, तर कोणाची भूमिका छोटी वाटता कामा नये. म्हणून तिघांनाही शेवटपर्यंत मंचावरच ठेवायचे. अशी कोंडलेली माणसे कुठे भेटतील याचा विचार करता करता सार्त्र नरकापाशी पोचले. या तिघांपैकी गार्सँ या पात्राच्या भूमिकेसाठी आणि दिग्दर्शनासाठी आधी आल्बेर कामूंचे नाव होते. हॉटेलच्या खोलीत तालमीही सुरू झाल्या होत्या. पुढे तो बेत मोडला आणि नाटक रेमों रूलो यांनी बसवले.

या नरकात ना आग, ना यमदूत. तीन सोफे, न विझणारे दिवे, आणि आरसा कुठेच नाही. रणांगण टाळून पळालेला पत्रकार गार्सँ, दुसऱ्याच्या वेदनेवर जगणारी टपालखात्यातली इनेस, स्वतःच्या बाळाचा जीव घेतलेली एस्तेल. एस्तेलला लिपस्टिक लावायची असते, तेव्हा इनेस म्हणते, माझ्या डोळ्यांत बघ. आणि लगेच तिच्या गालावर नसलेली पुटकुळी दाखवते. सार्त्र यांनी 1943 च्या आपल्या जाडजूड तत्त्वग्रंथात दुसऱ्याच्या नजरेबद्दल जे मांडले, ते इतक्या थोडक्यात आणि इतक्या निर्दयपणे त्यांनाही इतरत्र कुठे साधलेले मला दिसत नाही.

1946 मध्ये नाटक लंडन आणि न्यूयॉर्कला पोचले. लंडनला पीटर ब्रूक यांनी ते बसवले, अ‍ॅलेक गिनेस त्यात होते. नाटकाच्या आधी मात्र त्यातले एक वाक्य पुढे गेले: नरकाचा आणि इतर माणसांचा संबंध जोडणारे. माणूसघाणेपणाचे ते ब्रीद होऊन बसले.

1965 मध्ये ध्वनिमुद्रित प्रस्तावनेत सार्त्र यांनी हा गैरसमज खोडला. संबंध विकृत झाले, तरच दुसरा माणूस नरक ठरतो; कारण स्वतःला ओळखायला आपल्यापाशी दुसऱ्यांनी दिलेली मापेच असतात. ही तिघे मेलेली आहेत, त्यांना आता काही बदलता येत नाही. जिवंत माणूस मात्र कृतीने कृती बदलू शकतो, आणि तरीही तो त्याच वर्तुळात राहिला, तर स्वखुशीने राहतो.

वीस वर्षांनी केलेली ही सारवासारव आहे, असा आक्षेप घेता येईल. 1943 च्या ग्रंथात प्रेमसंबंधांतही झुंजच दिसते, हे खरे. पण 1944 च्या संहितेतच शेवटाकडे गार्सँ दार बडवतो आणि ते खरोखर उघडते. तो जात नाही. आपण भित्रे नव्हतो हे त्याला इनेसच्या तोंडून ऐकायचे असते. एस्तेल ते लगेच म्हणायला तयार आहे, पण तिच्या शब्दाला त्याच्या लेखी किंमत नाही. त्याला पुरेपूर ओळखणारी, त्याचा तिरस्कार करणारी इनेसच त्याला न्यायाधीश म्हणून हवी असते.

दिग्दर्शकाचा कस मला तिथे लागलेला दिसतो. ते दार घाईघाईने लोटून घेतले, तर प्रेक्षकाच्या हाती फक्त ते प्रसिद्ध वाक्य लागते. पुरेसा वेळ उघडे ठेवले, तर तिघांपैकी प्रत्येकाने न जाण्याचे कसे ठरवले, ते त्याला बघता येते.