आजार पिशवीचा नाही, आधाराचा

सुरतच्या लिंबायत, उधना, पांडेसरा भागांत खानदेशी घरं पुष्कळ आहेत. ‘अंग बाहेर येतं’, म्हणजे गर्भाशय खाली उतरतं, ही तक्रार तिथली बाई सख्ख्या बहिणीलाही सहजासहजी सांगत नाही. हे मौन जुनं आहे आणि सुरतेपुरतं नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. हा अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

गर्भाशय ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर पेललेलं असतं आणि मागे त्रिकास्थीकडे, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडाकडे, जाणाऱ्या बंधांनी धरून ठेवलेलं असतं. बाळंतपणात हे सगळं ताणलं, कधी फाटलंही जातं. पुढे पाळी गेल्यावर ऊती आणखी सैल होतात. जुना खोकला, बद्धकोष्ठता, जड ओझी यांचा दाब रोज खाली पडत राहतो. म्हणजे बिघाड आधारात असतो. तरीही ‘गर्भाची पिशवी काढून टाका’ हा सल्ला फार लवकर दिला जातो. आधार तसाच ढिला ठेवून पिशवी काढली, तर योनीचा वरचा भाग पुन्हा खाली उतरू शकतो.

हे ओळखणाऱ्यांत आपली माणसं अग्रभागी होती. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (1899–1971) जगाला माहीत आहेत ते गर्भाशयमुखाच्या टाक्यासाठी. पण ज्यांना अजून मूल हवं आहे अशा तरुण स्त्रियांसाठी त्यांनी गर्भाशयमुख पट्टीने मागच्या हाडाला बांधण्याची पद्धतही बसवली. मुंबईच्या डॉ. पुरंदरे यांच्या नावाची शस्त्रक्रिया गर्भाशयमुख पुढे पोटाच्या भिंतीला बांधते. बाई खोकली की पोटाचे स्नायू आवळतात आणि पट्टी गर्भाशयाला वर ओढते. ज्या जोराने अंग खाली यायचं, तोच जोर इथे उपयोगी पडतो! मला ही कल्पना विलक्षण सुंदर वाटते.

पूर्वी अशा शस्त्रक्रियांसाठी पोट उघडावं लागे. आता पोटात कार्बन डायऑक्साइड भरून, चार बारीक छिद्रांतून दुर्बीण आणि अवजारं घालून जाळीची पट्टी त्रिकास्थीच्या वरच्या कडेला टाचतात. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या अगदी जवळ असतात, म्हणून हात सरावलेला हवा. या आजारासाठी योनीमार्गे बसवायच्या जाळ्यांची विक्री अमेरिकेने 2019 साली थांबवली. पोटातून बसवायच्या जाळीला तो आदेश लागू नव्हता, पण तिचेही धोके समजून घ्यावेत.

सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागत नाही. सुरुवातीला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम किंवा आत बसवायची रिंग अनेकदा पुरते. सुरतेत न्यू सिव्हिल आणि पालिकेचं स्मीमेर, दोन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहे. शस्त्रक्रिया ठरलीच, तर छिद्रं लवकर भरतात. आतला आधार पक्का व्हायला मात्र साधारण सहा आठवडे जड उचलणं बंद ठेवावं लागतं. तेवढे दिवस पाण्याचा हंडा कोण उचलणार, हे घरच्यांनी आधीच ठरवायला हवं.