बोट हाच पडदा

परवा घोडनदीच्या बाजारात एका पोरानं विचारलं, "दादा, मँडोलिन येतं, व्हायोलिन जमेल का?"

जमेल की! मीही क्लास न लावता तसंच शिकलो. दोन्हींचं मूळ ट्यूनिंग एकच, त्यामुळे बोटांना जागा ओळखीच्या असतात.

फरक पडद्यांचा. मँडोलिनवर सूर पडदा ठरवतो. व्हायोलिनवर बोट तीन मिलिमीटर सरकलं की बेसूर. पहिले दोन महिने घरच्यांनी दार लावून घेतलं होतं!

एक खूण सांगतो. अनामिकेनं शेजारच्या जाड तारेचा वरच्या सप्तकातला सूर अचूक लागला, की ती मोकळी तार आपोआप थरथरते. डोळ्यांना दिसतं.

बोटांच्या जागांसाठी लावलेल्या चिकटपट्ट्यांच्या खुणा लवकर काढा, नाहीतर कान आळशी होतो. मींड कशी घ्यायची, ते प्रभाकर जोगांचं 'गाणारे व्हायोलिन' ऐकून कळेल.

गजाबद्दल काही अडलं तर विचारा.