गाळावरचे मैदान

प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९१० साली बांधावयास घेतले गेले आणि १९२६ साली पुरे झाले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात, खालच्या लाभक्षेत्राकडे आवर्तने सुटून जलाशय आकसू लागला, की शेंडी गावाच्या वरच्या अंगाला काठाकाठाने राखी रंगाची सपाट जमीन उघडी पडते. तिची मालकी सरकारी दप्तरात, वहिवाट मात्र काठच्या गावांची. कोठे गाळपेर होते, कोठे गुरे चरतात, शनिवार-रविवारी पर्यटकांचे तंबू उभे राहतात. आणि अशाच एका तुकड्यावर, दोन्ही टोकांस कळकाचे खांब रोवून, काठच्या पोरांनी फुटबॉलचे मैदान आखलेले होते. एका कोपऱ्यात राखेने कबड्डीचे क्रीडांगणही रेखलेले होते, आणि सुकत्या गाळाचा, मासळीचा आणि उन्हात तापलेल्या शेवाळाचा एक संमिश्र वास त्या सबंध परिसरावर पसरलेला होता.

मी तेथे पुन्हा गेलो तो एका मुलाच्या पावलांसाठी. पहिल्या भेटीत त्याचा खेळ मी काठावरून पाहिला होता, आणि त्यातले काहीतरी मला नीट उमगले नव्हते. चेंडू घेऊन तो प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून जात नसे. समोर येताच गुडघ्यांत वाकून क्षणभर थबके, उजवा पाय पुढे टाकून तत्क्षणी मागे घेई, आणि बचाव करणारा त्या पायावर झेपावला की चेंडूसह हा डाव्या अंगाने निघून गेलेला असे. ही हूल फुटबॉलच्या कोणत्याही शाळेत शिकलेली नव्हती. ती चढाईची हूल होती, पायाने गडी टिपून मध्यरेषेकडे परतणाऱ्या चढाईपटूची.

मुलगा राजूरच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला, महाविद्यालयाच्या कबड्डी संघातला आणि फुटबॉल संघातलाही, आणि आठवड्याच्या अखेरीस तंबू ठोकण्याच्या कामावर. पहाटे डोंगराच्या अंगाने धावणे, मग अंघोळ, मग वर्ग किंवा काम, सायंकाळी मैदान, हा त्याचा नित्यक्रम. तंबूचे खुंटे ठोकता ठोकता तो बोलत असे, आणि बोलण्यात एक आकडा वारंवार येई. “चढाईला तीस सेकंद असतात, सर. तेवढ्यात गडी मारायचा, नाहीतर रिकामं परतायचं. फुटबॉलात नव्वद मिनिटं आहेत, पण चेंडू आपल्या पायाशी येतो तो सगळा मिळून दोन-तीन मिनिटं. म्हणून मी प्रत्येक वेळी तीस सेकंदच धरतो.”

ह्या वाक्याचा अर्थ मला त्याचा खेळ पाहतानाच कळत गेला. पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. फुटबॉलचे रूढ मैदान एकशे पाच मीटर लांब आणि अडुसष्ट मीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे पंचावन्न पट. पहिल्यात सात गड्यांच्या साखळीत एकट्याने शिरावयाचे, प्रत्येकाचे खांदे कोणत्या बाजूस वळतात हे एका दृष्टिक्षेपात टिपावयाचे आणि दम न सोडता परत यावयाचे. दुसऱ्यात तेच वाचन विस्तीर्ण अवकाशात आणि थकल्या पायांनी करावयाचे. जो देह दोन्ही ठिकाणी वाढतो त्याला अरुंद जागेतले धैर्य आणि रुंद जागेतला धीर हे दोन्ही प्राप्त होतात. ह्या मुलाच्या ठायी मला ते दिसले, आणि म्हणूनच त्याच्यावर येऊ घातलेल्या निवडीने मी अस्वस्थ झालो.

कारण निवड करण्याची मुदत जवळ आली होती. कबड्डीच्या सरांचे म्हणणे, विद्यापीठाच्या विभागीय चाचणीत ह्याचे नाव निश्चित आहे, खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणातून पुढे सरकारी नोकरीची वाट आहे, तेव्हा गुडघे फुटबॉलात झिजवू नयेत. फुटबॉलच्या सरांचे म्हणणे, पुण्यात एका संघाची निवडचाचणी आहे, आणि ह्या वयात गेला नाही तर पुढे त्याला कोणी विचारणार नाही. दोघेही त्याचे हितचिंतक, दोघांचेही म्हणणे व्यवहाराला धरून; तरी दोघांच्या बोलण्यात दुसऱ्या खेळाला चुकून जडलेल्या व्यसनासारखे स्थान होते, आणि ते मला पटले नाही.

आपल्याकडे ह्याहून उदार परंपरा होत्या. कोल्हापुरात आजही फुटबॉलचे नामांकित संघ पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ह्या नावांनीच शाहू स्टेडियमवर उतरतात; ज्या आखाड्यांनी पैलवान घडवले त्यांनीच चेंडूही उचलला, आणि तांबड्या मातीतून येणाऱ्या पोराला हिरवळीवर कोणी परका मानले नाही. त्याच कोल्हापुरातील एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला आणि पुढे इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद अशा संघांतून व्यावसायिक फुटबॉलपटू झाला. भंडारदऱ्याच्या मुलाला हे नाव पाठ होते.

आणि दोन खेळांच्या बाबतीत चुनी गोस्वामींचे उदाहरण तर डोळ्यांसमोरून हलत नाही. कलकत्ता विद्यापीठाच्या फुटबॉल आणि क्रिकेट अशा दोन्ही संघांचे त्यांनी एकाच वर्षी नेतृत्व केले; १९६२ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या नायकत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला नमवून सुवर्णपदक मिळवले; आणि १९६६ च्या अखेरीस इंदुरास, सोबर्सच्या वेस्ट इंडीजसारख्या बलाढ्य पाहुण्या संघाचा डावाने पराभव झाला तेव्हा त्या सामन्यात आठ बळी ह्याच फुटबॉलपटूचे होते. पुढे १९७१-७२ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईकडून हरलेल्या बंगालचे कर्णधारही तेच. त्यांच्या बाबतीत एका खेळाने दुसऱ्याला कमी केले असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? मात्र तो काळ वेगळा होता. तेव्हा खेळाडूला उपजीविका बँका, रेल्वे, गिरण्या पुरवीत. खेळ नोकरीच्या आधाराने उभा होता. आता नोकरीच खेळाची, कराराची मुदत वर्षा-दोन वर्षांची, आणि देहाचा एकूण एक तास मालकाच्या हिशेबात.

तो मालकही महाराष्ट्रात स्थिर नाही, हे कटू सत्य सांगितलेच पाहिजे. महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला. पुणे एफसी, एकाच हंगामाचा भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, मुंबई एफसी हे त्यानंतरच्या काही वर्षांत मावळले. एफसी पुणे सिटीने २०१९ साली गाशा गुंडाळला. प्रत्येक संघाबरोबर त्याच्या आश्रयाने वाढणारी पोरे कोठे गेली, ह्याची नोंद कोणी ठेवली आहे? डोंगरातल्या मुलाला आपण सांगतो की सर्वस्व एका खेळाला वाहून टाक. आणि तो खेळ ज्या घरात राहतो त्याचे छप्पर पाच-सात वर्षांत उडते. अशा स्थितीत दुसरा खेळ हाताशी ठेवणे हा चंचलपणा मानण्यापेक्षा शहाणपणा मानावा, अशी माझी ठाम धारणा झाली आहे, आणि ती मी दोन्ही सरांजवळ बोललोही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. फुटबॉलच्या सरांनी एवढेच म्हटले, की अर्जात खेळाचा रकाना एकच असतो.

तो अर्ज मी पाहिला. तंबूच्या सावलीत बसून, गुडघ्यावर वही ठेवून, मुलाने तो भरला. नाव, जन्मतारीख, उंची, वजन, रक्तगट; खेळाच्या रकान्यापाशी तो थांबला. आजूबाजूची पोरे त्याला हाका मारीत होती, कारण त्या दिवशी कबड्डीचा गडी एक कमी पडत होता. मी मनाशी सेकंद मोजू लागलो, आणि तिसाच्या पुष्कळ पुढे गेलो. मग त्याने “फुटबॉल” असे लिहिले, वही मिटली, अर्ज पिशवीत घातला आणि राखेच्या रेषांकडे धावत जाऊन पहिल्याच चढाईत दोन गडी टिपून आला.

संध्याकाळी त्याची आई पाट्यावरचे वाटण काढता काढता मला म्हणाली, “खेळू द्या त्याला, पण आवणीच्या वेळेला माणूस लागतं घरात.” त्याने चाचणीचे वार सांगितले. गुरुवारी संपते, शुक्रवारी दुपारपर्यंत तो घरी पोहोचेल, आणि पाऊस वेळेवर पडला तर आवणी त्यानंतरच सुरू होईल. तिने बोटांवर दिवस मोजले आणि होकार दिला.