पस्तीस टक्क्यांचे गुऱ्हाळ

ज्याच्या नावे सरकारी अनुदानाचे ४ लाख २० हजार रुपये बँकेत जमा आहेत, अशा मनुष्याने हंगामाच्या तोंडावर अडत्याच्या पेढीवर जाऊन उचल मागावी, ही गोष्ट प्रथम कानी आली तेव्हा मला ती विलक्षण विसंगत वाटली. आणि ती विसंगती उलगडावी एवढ्याच हेतूने मी करवीर तालुक्यातील त्याच्या गुऱ्हाळावर गेलो. वाटेत ज्यांच्याशी म्हणून बोलणे झाले, त्या प्रत्येकाने "पस्तीस टक्के सरकार देतंय की!" असे मला ऐकवले, आणि ऐकवताना त्यांच्या स्वरात असूयेची एक बारीक छटा होती.

हे पस्तीस टक्के ज्या योजनेचे, ती प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० साली सुरू झाली. 'एक जिल्हा एक उत्पादन' या तिच्या सूत्रात कोल्हापूरच्या वाट्याला साहजिकच गूळ आला. प्रकल्पाच्या पात्र खर्चाच्या ३५ टक्के, परंतु १० लाखांपेक्षा अधिक नाही, इतके अनुदान. अर्जदाराचे स्वतःचे निदान १० टक्के. बाकीचे बँकेचे कर्ज. आमच्या या तरुण मालकाने बारा लाखांचा प्रकल्प मांडला होता. आधार, पॅन, सातबारा, चुलत्यांचे संमतिपत्र, यंत्रसामग्रीची दरपत्रके आणि प्रकल्प अहवाल अशी ती नस्ती बँकेच्या टेबलावर जाऊन मंजूर झाली. नवा चरक आला, जुन्या लोखंडी काहिलीच्या जागी चकचकीत पोलादी काहील आली, ओल्या जमिनीवर फरशी आली.

मी पोहोचलो तेव्हा त्या काहिलीत रस उकळत होता. चिपाडाच्या धुराचा आणि नुकत्याच काढलेल्या मळीचा आंबूस दर्प नाकात भरत होता, आणि त्या दर्पाखालून हळूहळू पाकाचा खरपूस वास वर येत होता. चरकातून रस निघतो, भेंडीच्या चिकाने त्यातली मळी वर येते, ती काढून रस आटवतात आणि पाक वाफ्यात ओततात, एवढी ही क्रिया चार वाक्यांत कोणीही सांगेल. परंतु पाक नेमका कोणत्या क्षणी उतरवायचा, हे मात्र सांगता येण्याजोगे नाही. ते गुळव्याच्या बोटांना ठाऊक असते. साठी ओलांडलेला, कमरेला पंचा गुंडाळलेला तो काटकुळा गुळव्या, ज्याला मालकासकट सारे 'मामा' म्हणत होते, काहिलीच्या कडेला उभा राहून बुडबुड्यांकडे पाहत होता. मध्येच त्याने फावड्यावरचा पाक थंड पाण्याच्या भांड्यात टाकला, दोन बोटांत घेऊन त्याची गोळी वळली, ती भांड्याच्या कडेवर आपटून तिचा आवाज ऐकला, आणि चुलवाणाशी बसलेल्या गड्याला नुसती मान हलवून जाळ तोडायला सांगितले. क्षणभर उशीर झाला असता तर गूळ करपून काळवंडला असता. क्षणभर लवकर, तर ढेप घट्ट न होता चिघळली असती. टनभर उसाचा साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ व्हावयाचा, आणि त्या साऱ्याचा भाव त्या दोन बोटांवर.

"मामास्नी उचल दिल्याबिगर चुलवाण पेटत न्हाई, सर," मालक म्हणाला. "मामा आनि त्यांची मान्सं, समद्यांची उचल दसऱ्याच्या आधी द्यायला लागती. तिला पस्तीस टक्के कुठनं आनू?"

माझ्या कोड्याचे उत्तर एवढेच होते. अनुदान मिळते ते यंत्राला आणि तांत्रिक बांधकामाला. खेळत्या भांडवलाला नाही. शिवाय जे मिळते तेही हाती येत नाही. ते कर्ज देणाऱ्या बँकेतच वेगळ्या खाती पडून राहते. तेवढ्या रकमेवर कर्जाचे व्याज लागत नाही हे खरे, परंतु कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षे उलटली, उद्योग चालू राहिला आणि खाते थकीत झाले नाही, तरच ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणजे वाटेवरची मंडळी ज्याचा हेवा करीत होती, ते पस्तीस टक्के तीन वर्षे केवळ पासबुकात राहतात. उद्योग बुडवून सरकारचा पैसा पळवू नये म्हणून घातलेली ही अट मला अन्याय्य वाटत नाही. अनुदानासाठी उभारलेल्या आणि अनुदान मिळताच कुलूप लागलेल्या शेडी महाराष्ट्राने पुष्कळ पाहिल्या आहेत. प्रश्न अटीचा नाही, दसऱ्याचा आहे.

बँकेकडे खेळत्या भांडवलासाठी वेगळे कर्ज मागावे, तर ती मागील वर्षांची उलाढाल विचारते. आणि गुऱ्हाळवाल्याच्या उलाढालीचा पुरावा म्हणजे अडत्याने दिलेल्या पट्ट्या. मग तो अडत्याकडेच जातो. अडत्या व्याजाची भाषा काढत नाही. हंगामाचा सारा गूळ त्याच्याच पेढीवरून सौद्याला लावायचा, एवढीच त्याची अट. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु उचलीपोटी बांधलेला गूळ पेठेत भाव पाहून हिंडू शकत नाही. तिकडे साखर कारखाना त्याच उसाला कायद्याने ठरलेला किमान दर देतो, त्यामुळे एकेक चुलवाण थंड होत चालले आहे.

या ठिकाणी मला जुन्या तगाईचे स्मरण झाले. तगाईच्या वसुलीची धास्ती घेतलेले अनेक शेतकरी मागल्या पिढीत होते, म्हणून तिचे गुणगान करण्याचा माझा मानस नाही. परंतु परक्या सरकारलाही एक भेद कळला होता. १८८३ च्या कायद्याने विहीर, बांध अशा जमिनीच्या कायमच्या सुधारणेला कर्ज दिले, आणि लगेच १८८४ च्या दुसऱ्या कायद्याने बी-बियाणे व बैल अशा हंगामाच्या गरजांना. आजच्या योजनेने वैयक्तिक उद्योजकापुरते पहिल्या कायद्याचे काम उचलले आहे, दुसऱ्याचे वाऱ्यावर सोडले आहे.

आणि हे तत्त्व योजनेला अपरिचित आहे असेही नाही. स्वयंसाहाय्यता गटातील प्रत्येक सदस्याला खेळते भांडवल आणि लहान अवजारे यांसाठी ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल देण्याची सोय तिच्यातच केलेली आहे. हीच सोय हंगामी प्रक्रिया उद्योगाच्या मालकाला, मग ती परतफेडीच्या बोलीवर का असेना, दसऱ्यापूर्वी उपलब्ध व्हावी, आणि मजुरीची उचल हा प्रकल्पखर्चाचाच एक भाग मानला जावा, एवढीच शासनाकडे मागणी आहे. तोवर काहिलीला अनुदान मिळत राहील, आणि त्या काहिलीतला गूळ अडत्याच्या मालकीचा असेल.